गोचीडनाशक औषधे : गुण, मर्यादा आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवर-परिचय, वसतिगृहाचा निधी अशा थोर विषयांवर भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीस 'गोचीड' हा विषय घेऊन उभे राहणे कित्येकांस विनोदी वाटेल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला, आणि तेही क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. परंतु आपल्या ज्ञातीतील किती घरांची चूल, किती मुलांची फी आणि किती लेकींच्या लग्नाची बेगमी गोठ्यातल्या एका-दोन गायींवर अवलंबून आहे, याचा हिशेब मांडला म्हणजे हा विषय काही क्षुल्लक नाही, हे ध्यानी येईल.

आम्ही पशुवैद्य नव्हे. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना त्रैराशिक आणि शुद्धलेखन शिकविले. तरीही या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस पोहोचतो, तो आमच्या चुकीमुळे. चार वर्षांपूर्वी आमच्या घरी एक संकरित गाय होती. पावसाळ्यात तिच्या कासेवर आणि कानात गोचीड फार झाले. आम्ही औषधाची बाटली आणली आणि ती महिनाभर पुरावी म्हणून बाटलीच्या बुचाने अंदाजे, निम्मेच औषध बादलीत घालून गाय पुसून काढली. काही गोचीड पडले, पुष्कळ राहिले. 'औषध नकली आहे' असे म्हणून आम्ही दुसऱ्या कंपनीची बाटली आणली. तिचाही गुण नाही. पुढे गाय तापली, खांद्यापुढे गाठी आल्या, दूध आटले. आम्ही तीन दिवस काढा पाजीत बसलो. चौथ्या दिवशी पशुवैद्य आले तेव्हा वेळ निघून गेली होती. ज्या सूनबाई पहाटे उठून तिची धार काढीत, त्यांनी त्या दिवशी चूल पेटविली नाही. त्यानंतर आम्ही ती रिकामी बाटली चष्मा लावून वाचली. किती पाण्यास किती औषध, हे तिच्यावर स्पष्ट छापलेले होते! जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावणाऱ्या मास्तराने बाटली वाचली नव्हती. ती लाज मनात धरून आम्ही या विषयाची माहिती जमविली. ती आपणांपुढे ठेवतो.

प्रथम शत्रूचा परिचय करून घेऊ. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, प्रौढ गोचिडास आठ. कोळी आणि विंचू यांच्या गोत्रातला हा प्राणी आहे. आपल्याकडील गुरांवर मुख्यत्वे दोन जाती आढळतात. पहिलीचे शास्त्रीय नाव रायपिसेफॅलस मायक्रोप्लस. हिचे पिलू गवताच्या टोकावर चढून बसते आणि जाणाऱ्या जनावरास बिलगते. मग बाल्य, तारुण्य आणि प्रौढपण अशा तिन्ही अवस्था ते त्याच एका जनावराच्या अंगावर सुमारे तीन आठवड्यांत पार पाडते. रक्ताने टम्म फुगलेली मादी अखेरीस खाली गळते, आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली पिले थंड आणि दमट जागी कित्येक आठवडे उपाशी राहून पुढच्या जनावराची वाट पाहतात. दुसरी जात हायलोमा. ही गोठ्यातच राहते. भिंतीच्या भेगा, गव्हाणीचे सांदे, दगडांखालच्या कपारी ही तिची वस्तीस्थाने.

या दोन वाक्यांतच सर्व उपायांचे मर्म आहे. औषध गायीच्या अंगावर पडते, पण अंडी आणि पिले असतात गवतात आणि भेगांत. म्हणून एकदा औषध लावून मोकळे होणारा मनुष्य खळ्यातील उंदीर मारतो आणि बिळे तशीच ठेवतो. आज गाय स्वच्छ दिसते, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तीच गत, आणि दोष मात्र औषधाच्या माथी!

गोचीड रक्त पितो, त्यामुळे जनावर रोडावते आणि दूध कमी होते, हे आपण जाणतोच. परंतु त्याहून भयंकर म्हणजे तो रोग देतो. हायलोमा गोचिडापासून थायलेरिया नावाच्या सूक्ष्म जीवाचा ताप येतो. यालाच आपण गोचीड ताप म्हणतो. ताप चढतो, खांद्यापुढच्या गाठी सुजतात, डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी पडते, धाप लागते. आमच्या गायीस हाच रोग झाला होता. मायक्रोप्लस गोचिडापासून बबेसिया होतो, त्यात लघवी कॉफीच्या रंगाची होते. यातील विशेष असा की, बबेसियाचा जीव मादीकडून अंड्यांत उतरतो. म्हणजे पुढची पिढी जन्मतःच विष घेऊन येते. संकरित गायींना हे रोग फार भोवतात. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गीर या आपल्या वशिंडाच्या गुरांत गोचिडाला तोंड देण्याची शक्ती पुष्कळ अधिक असते.

गोचीड रोग पसरवितो, हे कळले केव्हा? अमेरिकेत टेक्सासची गुरे उत्तरेकडे नेली की तिकडची गुरे तापाने मरत. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या शास्त्रज्ञांनी १८९३ साली सिद्ध करून दाखविले की, हा ताप गोचीड पसरवितो. अंगावर चिकटणारा क्षुद्र जीव रोगाचा वाहक असू शकतो, याचा हा अगदी पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक होय. पुढे १९०६ साली त्या देशात सरकारने गोचीडनिर्मूलनाची मोहीम काढली. गावोगाव हौद बांधले, त्यांत सोमलाचे पाणी भरले आणि त्यातून गुरे दर चौदा दिवसांनी पोहवून काढण्याचा दंडक घातला. लोक चिडले. काही ठिकाणी त्यांनी हौद सुरुंगाने उडवून दिले! तरीही काम चालू राहिले आणि १९४३ साली, मेक्सिकोच्या सरहद्दीलगतचा पट्टा सोडता, देश या गोचिडापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आजच्या औषधांच्या मानाने सोमल हे ओबडधोबड आणि घातक औषध. पण सर्वांची गुरे, ठरल्या दिवशी, न चुकता, वर्षानुवर्षे! यश त्या शिस्तीचे होते.

आता याची दुसरी बाजू पाहा. ऑस्ट्रेलियात हा गोचीड मुळी नव्हताच. १८७२ साली बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, डार्विन बंदरात उतरविलेल्या गुरांबरोबर तो तेथे पोहोचला, असे मानतात. त्या लोकांनीही सोमल वापरला. काही दशकांनी सोमलाला न जुमानणारे गोचीड निघाले. मग डीडीटी आणि बीएचसी आले, तेही थकले. त्यापाठोपाठ ऑर्गॅनोफॉस्फेट, अमिट्राझ आणि पायरेथ्रॉईड, प्रत्येकाची हीच कथा. ते पशुपालक आपल्या बाजूच्या वशिंडाच्या गुरांकडेही वळले. साहिवाल आणि फ्रीजियन यांच्या संकरातून त्यांनी गोचिडास दाद न देणारी दुभती जात मुद्दाम तयार केली. आपण ज्याला 'गावठी रक्त' म्हणून नाक मुरडतो, त्याची किंमत त्यांना सातासमुद्रापलीकडे कळली!

औषधाला गोचीड दाद देईनासा होतो, म्हणजे काय होते? तो काही औषध पिऊन धीट होत नाही. हजारो गोचिडांत एखादा जन्मतःच असा असतो की, त्या औषधाचा त्याच्यावर परिणाम बेताचा होतो. औषध कमी पडले की बाकीचे मरतात आणि हा वाचतो. त्याच्या वंशात तोच गुण उतरतो. एका मादीची दोन-तीन हजार अंडी, आणि वर्षात अनेक पिढ्या! थोड्याच वर्षांत गोठाभर त्याचीच संतती. याचा अर्थ, आम्ही जे निम्मे औषध घालीत होतो, ते गोचीड मारण्याचे काम नव्हते. दणकट गोचिडांची निवड करून आम्ही त्यांची पैदास करीत होतो.

आता आजच्या औषधांची घराणी सांगतो. 'घराणी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण औषध बदलणे म्हणजे बाटलीवरचे चित्र बदलणे नव्हे.

पहिले घराणे पायरेथ्रॉईडांचे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन ही त्यातली भावंडे. ही गोचिडाच्या मज्जातंतूंवर आघात करतात. योग्य प्रमाणात आणि जेथे गोचीड अद्याप निर्ढावलेला नाही तेथे गुण उत्तम. परंतु यांचा वापर अतिशय झाल्याने भारतात पुष्कळ भागांत यांना न जुमानणारे गोचीड आढळले आहेत. आणि एका भावंडास निर्ढावलेला गोचीड बहुधा दुसऱ्यासही जुमानत नाही. आम्ही दुसऱ्या कंपनीची जी बाटली आणली होती, ती याच घराण्यातली होती. नाव निराळे, औषध तेच!

दुसरे घराणे अमिट्राझचे. याची क्रिया निराळ्या मार्गाने होते, म्हणून पायरेथ्रॉईड थकले तेथे हे पुष्कळदा कामास येते. गोचीड याने लवकर सुटून पडतात. मात्र कालवलेले द्रावण ताजेच वापरावे. आणि एक धोक्याची सूचना : हे औषध घोड्यास कदापि लावू नये, त्याची आतडी मंदावून जिवावर बेतते. ज्यांच्याकडे टांग्याचे किंवा वरातीचे घोडे आहेत, त्यांनी हे विसरू नये.

तिसरे आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून याचा उगम झाला. त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांस २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. हे कातडीखाली टोचतात. जंत आणि गोचीड या दोहोंवर चालते. परंतु हे दुधात उतरते. सबब दुभत्या गायीस ते देण्याचा निर्णय पशुवैद्याचा, आपला नव्हे.

ऑर्गॅनोफॉस्फेट घराण्याविषयी एवढेच सांगतो की, याच वर्गातली पुष्कळ औषधे पिकांच्या फवारणीस वापरतात, आणि आपले काही बंधू शेतातली उरलेली बाटली गायीच्या अंगावर ओततात. हे सर्वथा बंद झाले पाहिजे. त्याने जनावराच्या तोंडून लाळ गळू लागते, अंग थरथरते, श्वास कोंडतो. तत्काळ अॅट्रोपिनचे इंजेक्शन मिळाले नाही तर जनावर दगावते, आणि लावणाऱ्या माणसासही तोच धोका. आमच्या वडिलांच्या पिढीत गॅमेक्सिनची पूड गुरांस सर्रास चोळीत. तेच हे बीएचसी. ते दुधातुपात साठून राहते. भारतात १९९७ साली त्यावर बंदी आली. 'पूर्वी चालत होते' हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही.

आता आमच्या आवडीचा विषय, गणित. अमिट्राझ १२.५ टक्के असे बाटलीवर असते. म्हणजे १ लिटरमध्ये १२५ ग्रॅम, आणि १ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. गायीच्या गोचिडांसाठी ते १ लिटर पाण्यात २ मिलिलिटर घालतात. म्हणजे लिटरभर द्रावणात २५० मिलिग्रॅम. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के असते. तेही १ लिटरला २ मिलिलिटर, म्हणजे २५ मिलिग्रॅम. बाटलीवर टक्केवारी निराळी असेल तर प्रमाणही निराळे, हे कोणत्याही पाचवीच्या मुलास सोडविता येईल. मापासाठी बूच किंवा चमचा वापरू नये. सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी घ्यावी, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात.

एवढ्याने भागत नाही. प्रौढ गायीस नखशिखान्त भिजविण्यास चार-पाच लिटर द्रावण लागते. पाठीवर दोन मुठी पाणी शिंपडून काही होत नाही. गोचीड दडतात ते कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, जांघेत, कासेच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी. तेथे औषध पोहोचले पाहिजे. ऐन उन्हात किंवा पाऊस येण्याच्या बेतात असता लावू नये. आधी जनावरास पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते अंग चाटीत नाही. एकपोषी गोचिडाचा अंगावरचा काळ तीन आठवड्यांचा, म्हणून पहिल्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी पाळी अवश्य घ्यावी.

पाठीवर ओतण्याचे फ्लुमेथ्रिन १ टक्का असते. ते १० किलो वजनास १ मिलिलिटर या हिशेबाने खांद्यापासून शेपटीपर्यंत कण्यावर ओततात. येथे वजन कळले पाहिजे. काटा नसला तरी टेप असतो. छातीचा घेर इंचांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाशी हाताला लागणाऱ्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ६६ इंच आणि लांबी ५४ इंच असेल, तर वजन सुमारे ३५६ किलो येते. म्हणजे औषध ३६ मिलिलिटर. अंदाजाने २० ओतले तर पैसे गेलेच, शिवाय निर्ढावलेल्या गोचिडांची पैदास झाली ती निराळीच.

लावणाऱ्याने हातमोजे घालावेत, नाक-तोंड फडक्याने झाकावे, वाऱ्याकडे पाठ करावी. नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय विडीस किंवा भाकरीस हात लावू नये. उरलेले द्रावण ओढ्यात ओतू नये, पायरेथ्रॉईडाने मासे तत्काळ मरतात. बाटलीवर दूध किती काळ वापरू नये असे लिहिलेले असेल, तो काळ कसोशीने पाळावा. ते दूध आपलीच नातवंडे पितात. गोचीड हाताने काढून नखाने चिरडण्याची खोड अनेकांस आहे, तीही सोडावी. गुजरातेत २०११ साली क्रायमियन-कांगो ताप आढळला, तो हायलोमा गोचिडामुळे आणि बाधित जनावराच्या रक्तामुळे माणसास होतो. काढलेले गोचीड रॉकेलच्या डबीत टाकावेत. मात्र रॉकेल गायीच्या अंगास लावू नये, कातडी भाजते.

औषधाची धाव येथवर. पुढचे काम गोठ्यात आहे. भिंतीच्या भेगा लिंपून चुना द्यावा. सांदीकोपऱ्यांत बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात फवारणी करावी. उकिरडा गोठ्यापासून लांब न्यावा. नवे जनावर विकत आणले तर औषध लावून, तपासून मगच दावणीस बांधावे. गोठ्यात कोंबड्या सोडाव्यात, त्या पडलेले गोचीड टिपून खातात, पण फवारणीच्या दिवशी त्यांस कोंडून ठेवावे. संकरित गायींसाठी थायलेरिओसिसची लस मिळते, तिच्याविषयी पशुवैद्यास विचारावे. आणि रोग झालाच तर ब्यूपार्वाक्वोन हे औषध आहे, परंतु ते लवकर दिले तरच. ताप आला आणि गाठी सुजल्या की त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. आमच्यासारखा तीन दिवस काढा पाजू नये.

शेवटी ज्ञातीकडे दोन मागण्या.

पहिली ही की, ज्या ज्या गावी आपली पाच-दहा घरे एका आळीत आहेत, त्यांनी औषधाचा दिवस एकच ठेवावा. आमच्या गोठ्यात औषध आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात गोचीड, अशा स्थितीत दोघांचाही पैसा पाण्यात जातो, कारण गुरे चरतात एकाच कुरणात. आळीतल्या सर्व ज्ञातींनी एकत्र यावे हे उत्तम, कारण गोचीड जात पाहत नाही. अमेरिकेत जे सरकारच्या दंडकाने झाले, ते आपण आपसांतल्या शब्दाने करून दाखवू. कोणत्या तारखेस कोणत्या घराण्याचे औषध लावले, याची नोंद एका वहीत ठेवावी, आणि गुण ओसरत आहे असे दिसले तर ती वही घेऊन पशुवैद्यास गाठावे. काही गोचीड डबीत घालून न्यावेत. त्यांवर औषधाची परीक्षा करता येते.

दुसरी मागणी आज पारितोषिके मिळविलेल्या विद्यार्थ्यांकडे आहे. बाळांनो, आपल्या घरोघरी गुरांचे बहुतेक काम तुमच्या आया आणि आज्या करतात. औषधही बहुधा त्याच लावतात. बाटलीवरची माहिती बारीक अक्षरांत, पुष्कळदा इंग्रजीत असते. तुम्ही शिकलात ते त्यांनी उपसलेल्या शेणावर आणि विकलेल्या दुधावर. त्या ऋणाची फेड फार अवघड नाही. घरी जाल तेव्हा फडताळातली बाटली काढा, तिच्यावरचे औषधाचे नाव, टक्केवारी, प्रमाण आणि मुदत मोठ्याने वाचून दाखवा, आणि जाड मराठी अक्षरांत लिहून गोठ्याच्या दारावर चिकटवा. आम्ही मास्तर असून हे केले नाही, त्याचे मोल एका गायीने दिले.

त्या गायीची कालवड आज आमच्या दावणीस आहे. यंदा ती विणार. तिच्या गोठ्याच्या दारावर सूनबाईंनी लिहिलेला कागद आहे, आणि आम्ही तो दर वेळी चष्मा लावून वाचतो.